डाळिंबी लाल, दोन बाटल्या

काकूंनी आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही. त्यांच्या मागे त्यांची निंदा करावी म्हणून मी हे सांगत नाही. त्या स्वतःच सांगायच्या, आपल्याला पोहता येतं असं सांगावं इतक्या सहजपणे. "माफ करणं हे विसरभोळ्या लोकांचं काम," त्या म्हणायच्या. "मला सगळं लक्षात राहते. मी काहून माफ करू?" त्यांच्या गल्लीतल्या दूधवाल्याने एकदा दुधात पाणी घातलं. त्याच्याकडचं दूध बंद करून कुणीही गप्प बसलं असतं. काकू रोज सकाळी बरोबर त्याच्या वेळेला फाटकाशी उभ्या राहायच्या, दुसऱ्याकडून घेतलेल्या दुधाचं पातेलं हातात धरून. बोलायच्या एक शब्द नाही. असं सहा वर्षं चाललं. शेवटी त्या बिचाऱ्याने रस्ता बदलला, तेव्हा काकूंना जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं.

हीच बाई चार-पाच वर्षांच्या मुलांना रंग कालवायला शिकवायची, आणि तिथे तिच्याइतकं सोशिक माणूस मी पाहिलं नाही. मुलं पाणी सांडत, ब्रश तोंडात घालत, एकमेकांच्या कानाला निळा फासत. काकू फडकं घेऊन पुसत राहायच्या. एकदा एका मुलीने त्यांच्या पांढऱ्या कोसा साडीवर पाचही बोटं उमटवली. मी ओरडायला तोंड उघडलं तर काकूंनी माझ्यावरच डोळे वटारले. "लहान पोरांवर राग धरायचा नसतो वैशू. ती अजून बनून राहिली ना. जे बनून झाले त्यांच्यावर धरायचा." हा त्यांचा एकुलता एक कायदा होता, आणि तो मोडताना मी त्यांना एकदाच पाहिलं. त्याला कारण मी होते.

आमची ओळख शाळेतली. जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या एका खाजगी शाळेत काकू बालवर्गांना चित्रकला शिकवायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागले. शाळेत त्या 'मॅडम' होत्या, पण माझ्या आईचं आणि त्यांचं हळदीकुंकवाचं जाणं-येणं असल्यामुळे माझ्या तोंडून पहिल्याच दिवशी 'काकू' निघालं ते कायम राहिलं. त्यांचं घराणं मराठ्यांच्या अमदानीपासून इथलं. आमचे आजोबा वर्ध्याकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी आले आणि खमरियाच्या क्वार्टरमध्ये आमचं सगळं आयुष्य गेलं. "तुम्ही लोक म्हणजे कालचे," काकू मला चिडवायच्या. या कालच्या मुलीला मात्र त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात मोकळं सोडलं होतं. मी स्कूटीवरून यायची, सरळ आत जायची, स्टीलच्या गिलासात आपला चहा ओतून घ्यायची आणि मग काकूंना विचारायची, तुम्हाला हवा का.

काकूंच्या वर्गात फक्त तीन बाटल्या असत. लाल, पिवळा, निळा. हिरव्याची बाटली त्यांना चालत नसे, काळ्याची तर नाहीच नाही. चकचकीत प्लॅस्टिकच्या पॅलेटऐवजी जुन्या इडलीपात्राच्या ताटल्या होत्या, अॅल्युमिनियमच्या, चार-चार खळग्यांच्या. तीन खळग्यांत तीन रंग आणि चौथा खळगा रिकामा. "हा तुमचा," त्या मुलांना सांगायच्या, "इसमें जो बनेगा वो बाज़ार में नहीं मिलता." मुलं त्या रिकाम्या खळग्याकडे अशी बघायची, जणू आत काहीतरी आधीपासूनच लपलेलं आहे.

शिकवायची रीत ठरलेली होती. आधी पिवळा घ्यायचा, भरपूर. मग ब्रशच्या टोकावर मुंगीएवढा निळा घेऊन त्यात सोडायचा आणि कालवायचं. हवा तेवढा हिरवा झाला नाही तर अजून एक मुंगी. उलटं कधी करायचं नाही. निळ्यात पिवळा ओतायला गेलात तर अख्खी बाटली संपते आणि निळा हूं की चूं करत नाही. "दुबळ्यात जबरा टाकायचा, जरा जरा करून. जबऱ्यात दुबळा टाकला की दुबळा मरते," असं त्या मला समजावायच्या, आणि लगेच, "माणसांचंही हेच आहे," असं जोडून एखाद्या जुन्या वैऱ्याची गोष्ट सुरू करायच्या. रंगांचे नियम आणि वैऱ्यांच्या गोष्टी त्यांच्या डोक्यात एकाच कप्प्यात ठेवलेल्या होत्या.

तिन्ही रंग एकत्र गेले की चिखल होतो. हे प्रत्येक मुलाच्या हातून होतं, आणि झालं की मूल ओशाळून ताटली लपवतं. काकू ती ताटली हातात घ्यायच्या आणि खिडकीशी नेऊन नीट बघायच्या. "अच्छा, ये तो नर्मदा जी के घाट की मिट्टी है. और ये? ये किसके बाबा की साइकिल की सीट है?" मग सगळा वर्ग त्या चिखलाला नाव शोधत बसे. नाव मिळाल्याशिवाय चिखल धुवायचा नाही असा नियम होता. मुलांना वाटे, आपण काही बिघडवलेलंच नाही.

त्यांच्या सूडाचा मासला सांगायचा तर नणंदेचा सांगायला हवा. काकू सावळ्या. लग्नात नणंद चार बायकांत म्हणाली होती, "आमच्या दादाने रंगात मार खाल्ला." चाळीस वर्षं काकूंनी त्याला उत्तर दिलं नाही. मग शाळेत त्या मुलांना आपापल्या कातडीचा रंग बनवायला शिकवू लागल्या. खडूच्या पेटीत गुलाबी कांडीवर 'स्किन कलर' लिहिलेलं असतं, त्या कांड्या त्या पहिल्याच दिवशी वेचून काढायच्या. मूल आपला हात ताटलीशेजारी ठेवून पिवळ्यात लाल, मग निळ्याची मुंगी असं करत करत आपला रंग गाठायचं आणि कागदावर एक ठिपका द्यायचं. असे चाळीस ठिपक्यांचे कागद काकूंनी चौकट करून बैठकीत लावले. नणंद आली तेव्हा तिचा हात धरून त्या कागदापाशी नेला. "बघा ताई, तुमचा कोणता ते शोधा." वयाने आणि उन्हाने ताईंचा हात आता काकूंच्या हाताहून दोन ठिपके गडद निघाला. मग काकूंनी चहाबरोबर त्यांना चिवडा दिला, वर थोडी साखर भुरभुरून, त्यांना आवडतो तसा.

तर अशा बाईच्या वाट्याला बडी मॅडम आल्या. त्या बालवर्गांच्या नव्या प्रमुख. दिसायला टापटीप, बोलायला गोड, आणि हात कायम स्वच्छ. मी त्यांचं नाव लिहीत नाही, कारण लिहिलं तर त्यांना बरं वाटेल. त्यांना काकूंचा वर्ग पहिल्या दिवसापासून खुपला. मुलांचे युनिफॉर्म खराब होतात, आया तक्रार करतात, आणि एवढं करून हाती काय, तर मातीचे रंग. त्यांना छापील कागद हवे होते. सफरचंद लाल, पान हिरवं, आभाळ निळं, रेघेच्या आत. चोवीस रंगांची पेटी प्रत्येकाला, म्हणजे काही कालवायला नको. काकू म्हणाल्या, "पेटी दिली तर मुलं पेटीचे रंग शिकतील." बडी मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "चलिए, एनुअल डे पर देख लेते हैं." स्नेहसंमेलनात मुलांनी स्टेजवर पाहुण्यांसमोर रंग बनवून दाखवायचे असं ठरलं. हिरवा, नारंगी, आणि शेवटी जांभळा, मोठ्या कागदावरच्या जांभळांसाठी. ते जमलं तर काकूंचा वर्ग राहणार होता.

आता माझं पाप सांगते. जांभळ्यासाठी कोणताही लाल चालत नाही. शेंदराकडे झुकणारा लाल घेतला तर त्यात पिवळा आधीच लपून बसलेला असतो. त्यात निळा पडला की तिघांची गाठ पडते आणि चिखल होतो. लागतो तो डाळिंबाच्या दाण्यासारखा, गुलाबीकडे झुकणारा. काकूंनी मला चिठ्ठी लिहून दिली होती, 'डाळिंबी लाल, दोन बाटल्या', आणि खाली रेघ मारली होती. दुकानात तो लाल नव्हता. दुकानदार म्हणाला, "लाल तो लाल है दीदी, यही ले जाओ." दुसरं दुकान दोन चौक पलीकडे होतं. मला शिंप्याकडून ब्लाउज घ्यायचा होता आणि शिंपी दुकान बंद करायच्या बेतात होता. मी शेंदरी लाल घेतला. बाटल्या शाळेच्या स्टोअरमध्ये ठेवल्या, बडी मॅडमच्या खोलीशेजारी, आणि दुसऱ्या दिवशी नवा ब्लाउज घालून स्टेजमागे ताटल्या भरल्या. काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता आणि स्टेजवर पिवळे दिवे होते. त्यांना फरक कळला नाही. मला कळत होता, पण मुलांच्या गडबडीत कुणाच्या लक्षात येतंय, असं मी स्वतःला सांगितलं.

हिरवा झाला. नारंगी झाला, टाळ्या पडल्या. मग एक चिमुरडी पुढे आली, तिने लालात निळ्याची मुंगी सोडली, अगदी शिकवल्याप्रमाणे, आणि कालवायला लागली. मळकट तपकिरी. तिने अजून निळा घातला. काळपट तपकिरी. कागदावर जांभळांच्या जागी तिने तेच लावलं आणि रडायला लागली. बडी मॅडमनी माईक हातात घेतला. "कोई बात नहीं बच्चो. मैडम की अब उमर हो गई है, रंग भी साथ नहीं देते." सगळा हॉल हसला. काकू स्टेजवर त्या मुलीचे हात पुसत उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. नव्या सत्रात त्यांना बोलावलं गेलं नाही, आणि वर्गात चोवीस रंगांच्या पेट्या आल्या.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर काकू ती ताटली घेऊन अंगणात उजेडात गेल्या. कितीतरी वेळ बघत राहिल्या. "हा शेंदरी आहे वैशू," त्या म्हणाल्या. "मी डाळिंबी लिहिला होता. बाटल्या स्टोअरमध्ये होत्या ना? बदलल्या तिने." मी त्यांच्यासमोर उभी होते. तोंड उघडायला एवढा चांगला क्षण पुन्हा येणार नव्हता. मी म्हणाले, "नालायक बाई आहे ती."

आणि मग मी त्या रागात अशी काही सामील झाले की विचारू नका. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसं. बडी मॅडमना शिव्या देण्यात मी काकूंच्या दोन पावलं पुढे. मीही ती नोकरी सोडली, आणि काकूंना वाटलं त्यांच्यासाठी सोडली. त्यांनी आपल्या ओसरीत रविवार सकाळचा वर्ग सुरू केला, तिथे मी दर रविवारी खमरियाहून जायची. वर्ग भरभर वाढला. काकूंना विचारलं की बदला कधी घेणार, तर त्या म्हणायच्या, "घाई केली की चिखल होते. मी वाट पाहून राहिली." आणि त्या एकेक ब्रश धुऊन फडक्यावर ओळीने मांडायच्या. स्टेजवरच्या उरलेल्या शेंदरी लालाच्या दोन्ही बाटल्या त्यांनी घरी आणल्या होत्या आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या होत्या. फेकून का देत नाही, असं मी विचारलं नाही.

दीड वर्षाने पीहू आली. साडेचार वर्षांची, दोन शेंड्या, एका गुडघ्याला कायम खरचटलेलं. तिची आई सोडायला यायची. दुसऱ्या रविवारी पीहूने काकूंना आपणहून माहिती दिली, "मेरी दादी स्कूल में बड़ी मैडम हैं." मी ताटल्या पुसत होते, माझा हात थांबला. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. "देव देते तर छप्पर फाडून देते," त्या म्हणाल्या. मग वरच्या फळीवरची बाटली काढून माझ्या हातात दिली. "पीहूच्या ताटलीत हा लाल. बाकीच्यांना डाळिंबी. तूच भरत जा, तुझा हात नेमका आहे."

मला वाटलं, पोरीला एकदा चिखल होईल, काकूंचं समाधान होईल, संपेल. पण काकू वाट बघणाऱ्या होत्या, आणि वाट बघणाऱ्यांना लवकर समाधान होत नाही. पीहूला त्यांनी सगळं शिकवलं, मन लावून. नारंगी तर तिचा सगळ्यांत झगझगीत व्हायचा, शेंदरी लाल त्याला चांगलाच. पण वांगं, जांभूळ, सदाफुली असं काही आलं की बाकीची अकरा मुलं जांभळा बनवायची आणि पीहूच्या चौथ्या खळग्यात चिखल. आणि काकू त्या चिखलाला नाव शोधत नव्हत्या. नुसतं म्हणायच्या, "फिर से करो बेटा. सबका हो गया." आवाज गोड. तो गोडवा कुणाकडून उचलला होता ते मला कळत होतं.

असे आठ-नऊ रविवार गेले. दर वेळी ताटली मी भरली. एकदाही माझा हात चुकला नाही. सुरुवातीला, खरं सांगते, मलाही बरं वाटलं होतं. त्या बाईची नात रडतेय, रडू दे. आमच्याकडे म्हण आहे, करावं तसं भरावं. फक्त इथे केलं मी होतं आणि भरत ती पोर होती, एवढं सोडून सगळं ठीक होतं.

मग एका रविवारी पीहू रंगांना हात लावेना. मागे भिंतीला टेकून बसली, दोन्ही हात फ्रॉकखाली घालून. मी जवळ जाऊन विचारलं काय झालं. ती हळूच म्हणाली, "दीदी, मेरे हाथ खराब हैं. सबके हाथ से बनता है, मेरे से नहीं बनता." तिच्या आईनेही न्यायला आल्यावर सांगितलं, की ही घरी सारखी साबणाने हात धुते आणि विचारते, अब ठीक हुए? काकूंनीही ते ऐकलं. त्या आत गेल्या. मला वाटतं तेव्हा त्यांनाही झोंबलं होतं, पण हाती धरलेला सूड सोडायची त्यांना सवयच नव्हती. तो सोडवायचा तर मलाच सोडवावा लागणार होता.

मुलं गेल्यावर काकू ओसरीच्या पायरीवर ब्रश धुवत बसल्या. मी समोर उभी राहिले.

"काकू, तो लाल बडी मॅडमनी नव्हता बदलला. मी आणला होता."

त्यांचा हात चालूच होता. "माझी चिठ्ठी नव्हती का तुझ्याजवळ?"

"होती."

"वाचली नव्हती का?"

"वाचली होती. दुकानात नव्हता तो. पुढच्या दुकानात जायला हवं होतं. मला शिंप्याकडून ब्लाउज आणायचा होता."

"ब्लाउज," काकू म्हणाल्या. मग विचारलं, "कोणता? तो मोरपंखी?"

"हो."

"चांगला शिवला होता त्याने." त्यांनी शेवटचा ब्रश झटकला आणि फडक्यावर ठेवला. "अन् त्या दिवशी मी तुझ्यासमोर म्हटलं, तिने बदलला. तू काय म्हटलं होतं?"

मी सांगितलं काय म्हटलं होतं. रडत होते, पण त्यांनी माझ्या रडण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दीड वर्ष तू माझ्या घरात चहा पिऊन राहिली," त्या म्हणाल्या, "अन् मी एका लेकराला रडवून राहिली. तुझ्या हाताने." त्यांना उठताना आधार लागायचा. मी हात पुढे केला तो न घेता त्या खांबाला धरून उठल्या.

पुढच्या रविवारी मी धीर करून गेले. काकूंनी सगळ्या मुलांना गोल बसवलं आणि पीहूला मधोमध आपल्यासमोर घेतलं. शेंदरी लालाची बाटली तिच्यापुढे ठेवली. "पीहू बेटा, तेरे हाथ बहुत अच्छे हैं. रंग खराब था. मैं जानती थी, फिर भी मैंने तुझे यही दिया. गलती मेरी." साठी उलटलेली बाई साडेचार वर्षांच्या मुलीला, बाकीच्या अकरा पोरांच्या देखत, स्वतःचे कान पकडून हे सांगत होती. पीहूला त्यातलं कितपत कळलं कोण जाणे. तिने एवढंच विचारलं, "तो अब अच्छा वाला दोगी?" काकूंनी डाळिंबी लाल तिच्या खळग्यात ओतला, सांडेपर्यंत. पीहूने निळ्याची मुंगी सोडली, कालवलं, आणि श्वास रोखून बघत राहिली. मग तिने तो जांभळा कागदावर लावलाच नाही. आधी दोन्ही तळहातांना फासला आणि सगळ्यांना दाखवत फिरली. घरी जाताना आईने हात धुवायला सांगितले तर धुवेना.

बडी मॅडमचा हिशेब काकूंनी त्याच आठवड्यात नीट निराळा केला. "बाटलीचं तिच्याकडे काही नाही," त्या म्हणाल्या. "माईकवर बोलली ते आहे. ते राहील." न्यायाच्या बाबतीत त्या अशा काटेकोर होत्या.

माझ्याबाबतीतही होत्या. त्या दिवसापासून मी त्यांची वैशू राहिले नाही. "या वैशालीताई. बसा. चहा घेता का?" असं सुरू झालं. माझा स्टीलचा गिलास गेला. पाहुण्यांचे नक्षीचे कप निघाले, बशीत दोन बिस्किटं, आणि मी स्वयंपाकघराकडे वळले की, "अहो, तुम्ही कशाला उठता," म्हणून त्या मला बैठकीत बसवायच्या. दूधवाल्याला जे पातेलं होतं ते मला हे कप होते. मी एकदा रागावून म्हणाले, "काकू, त्यापेक्षा दोन थोबाडीत मारा." त्या म्हणाल्या, "छे छे, तुम्हाला कसं मारणार. तुम्ही आमच्या पाहुण्या." दोन वर्षं मी ती बिस्किटं खाल्ली. रविवार एकही चुकवला नाही. मीही काही कमी हट्टी नव्हते.

मग त्यांच्या डोळ्यांचं जास्त झालं आणि मुलगा त्यांना इंदूरला न्यायला आला. गाडी फाटकाशी उभी होती, सामान चढत होतं. काकूंनी मला ओसरीत बोलावलं. इडलीच्या ताटल्या, ब्रश, बाटल्या, सगळं एका गाठोड्यात बांधलेलं होतं. "रविवारचा वर्ग तुम्ही चालवा," त्या म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "म्हणजे माफ केलं ना काकू?"

त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "माफ? नाही बाई. तुम्हाला शिकवता येते म्हणून देऊन राहिली. त्याचा अन् माफीचा काय संबंध?"

गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली. मला वाटलं आता तरी काही म्हणतील. त्या मुलाला म्हणाल्या, "चल, ऊन होऊन राहिलं."

त्या हिवाळ्यात काकू इंदूरलाच वारल्या. त्याआधी मी चार वेळा फोन केला होता. चारही वेळा त्यांनी "तुम्ही कशा आहात" असं विचारलं, मुलांची नावं घेऊन चौकशी केली, कुणाचा हात जड आहे, कुणाला पाणी कमी द्यायचं ते सांगितलं, आणि फोन ठेवला. मला त्यांचा राग येतो, अजून येतो. एका ब्लाउजासाठी एवढं? मग वाटतं, ज्या बाईला चाळीस वर्षांपूर्वीचं वाक्य शब्दाशब्दाने आठवायचं, ती माझं काहून विसरेल? विसरल्या असत्या तर त्या माझ्या काकू नसत्या, कुणी दुसऱ्याच भल्या बाई असत्या, आणि मला भल्या बाई नको होत्या.

गेल्या महिन्यात गोरखपूरच्या भाजीबाजारात बडी मॅडम समोर आल्या. आता निवृत्त झाल्या आहेत, केस पिकलेत. मी न बघितल्यासारखं केलं तर त्यांनीच माझा हात धरला. काकूंचं कळलं म्हणाल्या, बहुत दुख हुआ म्हणाल्या. "मैंने एक बार मज़ाक में कुछ कह दिया था, वो दिल पे ले गईं. अब तो बेचारी चली भी गईं. जाने दो ना वैशाली." आवाज गोड होता, आणि मला वाटतं त्या वेळी तो खराही असावा.

मी हात सोडवून घेतला. "वो गई हैं," मी म्हणाले, "मैं तो यहीं हूँ. और पीहू को इतवार को भेज दीजिएगा, नए ब्रश आए हैं." मग मेथीची जुडी पिशवीत घातली आणि पुढच्या ठेल्याकडे गेले.